सुख आणि ध्येय : गीता-उपनिषदांच्या आधारे सहा आठवड्यांची सुरुवात

"आयुष्यात नेमकं करायचं काय?" आणि "सगळं असून मन सुखी का नाही?" हे दोन प्रश्न बहुतेक जण एका दमात विचारतात. गीतेत आणि उपनिषदांत त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पहिला प्रश्न धर्माचा आहे, दुसरा आसक्तीचा. मनासारखं काम मिळालेला माणूस रात्री तळमळत असतो आणि साधंसं काम करणारा स्वस्थ झोपतो, हे आपण रोज पाहतो. म्हणून इथे दोन्ही प्रश्न आधी सुटे केले आहेत आणि मग एकत्र आणले आहेत.

आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेला बरा. ध्येय म्हटलं की एकच, भव्य, कुठेतरी दडून बसलेली गोष्ट डोळ्यांपुढे येते. ती सापडली की झालं, असं वाटतं. या परंपरेत तसं काही शोधायला गेलात तर हात रिकामेच राहतील. इथे चार पुरुषार्थ, म्हणजे माणसाची चार उद्दिष्टं, आहेत आणि स्वधर्म, म्हणजे आपल्या स्वभावाला आणि परिस्थितीला धरून वाट्याला आलेलं काम, आहे. त्यातला स्वधर्म वय, नाती आणि परिस्थिती बदलली की रूप बदलतो. विशीतलं उत्तर पन्नाशीत चालत नाही, आणि तसं न चालणं हे अपयशही नव्हे.

तयारी

एक वही, रोजची तीस मिनिटं आणि अन्वयार्थासह गीतेची एक प्रत एवढंच लागतं. दहा मिनिटं वाचन, दहा मिनिटं शांत बसणं, दहा मिनिटं लिहिणं. संस्कृत जड जात असेल तर विनोबांची 'गीताई' घ्या. ती समश्लोकी असल्यामुळे मूळ श्लोकाशी क्रमांक जुळतो आणि पुढे दिलेले संदर्भ लगेच सापडतात.

गीतेत १८ अध्याय आणि ७०० श्लोक आहेत. पहिल्या पानापासून सुरुवात करणारे बरेच जण योद्ध्यांच्या आणि शंखांच्या नावांतच थकतात. पहिला अध्याय एकदा गोष्टीसारखा वाचून काढा. मग दुसरा (७२ श्लोक), तिसरा (४३), बारावा (२०) आणि अठरावा (७८) या क्रमाने जा. हे २१३ श्लोक होतात. रोज पाच-सहा वाचले की सहा आठवड्यांत संपतात. खालच्या अभ्यासांसाठी लागणारे श्लोक या क्रमाच्या बाहेर येतील; ते त्या त्या दिवशी काढून पाहा.

पहिले दहा दिवस : सुखाची नोंद

अठराव्या अध्यायात (१८.३६ ते ३९) सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांची कसोटी आश्चर्य वाटावं इतकी व्यवहारी आहे. सुख कशापासून मिळालं याला तिथे फारसं महत्त्व नाही. आधी कसं लागलं आणि नंतर काय उरलं, हे बघायचं आहे. आधी विषासारखं आणि परिणामी अमृतासारखं ते सात्त्विक. आधी अमृतासारखं आणि परिणामी विषासारखं ते राजस. सुरुवातीलाही भूल पाडणारं आणि शेवटीही, झोप-आळस-बेफिकिरीतून येणारं, ते तामस.

वहीत चार रकाने करा : काय केलं, करताना कसं वाटलं, दोन-तीन तासांनी कसं वाटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आठवण कशी लागली. रोज तीनच नोंदी. जास्त लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडते. पहिले सात दिवस सात्त्विक-राजस असं काहीही लिहू नका, फक्त चव लिहा : जड, हलकं, कडवट, निवांत, चुटपुट लागलेली. आठव्या दिवशी मागे वळून वर्गवारी करा. सुरुवातीपासूनच शिक्के मारत गेलात तर वहीत तुमचं मन उतरत नाही, तुमचे आदर्श तेवढे उतरतात.

या टप्प्यावर दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे जे त्रासदायक ते सात्त्विक असं समजणं. स्वतःला छळून, हट्टाने केलेल्या तपाला गीता तामस म्हणते (१७.१९). सात्त्विक सुखातलं 'विष' हे सवय नसल्याचं असतं, १८.३६ मध्ये 'अभ्यासाद् रमते' असा शब्द आहे, म्हणजे सरावाने तिथे मन रमायला लागतं. दोन-तीन महिने नेटाने करूनही कडूपणा तसूभर कमी होत नसेल तर ती गोष्ट किंवा ती करण्याची रीत तपासायला हवी. दुसरी चूक म्हणजे विश्रांतीला तामस ठरवून झोप तोडणं. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि फार जागणाऱ्यालाही नाही, असं ६.१६ मध्ये स्पष्टच आहे. झोप गरजेची होती की पळवाट होती हे उठल्यावर कळतं : अंग ताजं आहे की डोकं जड आहे एवढं बघा.

कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की श्रेय (हिताचं) आणि प्रेय (आवडीचं) दोन्ही माणसासमोर येतात, आणि विचारी माणूस दोन्हींभोवती फिरून, नीट पारखून ती वेगळी करतो. ही वही म्हणजे तेच पारखणं.

चार पुरुषार्थ : आठवड्याचा हिशेब

याला एक आठवडा पुरतो. आठवड्यात १६८ तास. झोपेचे साधारण ५६ वजा केले की ११२ उरतात. प्रत्येक जागत्या तासापुढे एक अक्षर लिहा. 'अ' म्हणजे अर्थ : कमाई, साधनं, कौशल्य वाढवणं. 'का' म्हणजे काम : प्रेम, आवड, कला, देहाचं सुख. 'ध' म्हणजे धर्म : जे तुम्ही केलं नाही तर कुणाचा तरी आधार सुटेल असं काम, आणि वागण्यातली सचोटी. 'मो' म्हणजे मोक्ष : स्वतःच्या गुंत्यांतून सुटण्याचा अभ्यास. एका तासाला दोन अक्षरंही चालतात. मन लावून, प्रामाणिकपणे केलेली नोकरी 'अ' आणि 'ध' दोन्ही असू शकते.

चारही रकाने सारखे भरले पाहिजेत असा नियम नाही. शोधायचं आहे ते पूर्ण रिकामं अक्षर, आणि जिथे दोन अक्षरं एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत ती जागा. पैसा आणि सुखोपभोग हे या विचारात चोर नव्हेत. धर्म, अर्थ, काम हा त्रिवर्ग जुना आहे, मोक्षाची भर नंतर पडली. आणि "धर्माला विरोध न करणारा काम मीच आहे" असं ७.११ मध्ये खुद्द कृष्ण म्हणतो. अध्यात्माकडे वळलो म्हणजे कमाईची लाज वाटली पाहिजे, ही समजूत घेऊन येणाऱ्यांनी हा श्लोक दोनदा वाचावा. ११२ पैकी एकही अक्षर लावता येत नाही असे तास किती, तेही मोजा. बहुतेकांना तोच आकडा सगळ्यात जास्त बोचतो.

स्वधर्म : ध्येयाचा प्रश्न इथे सुटतो

पुढचे दहा-बारा दिवस यालाच द्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. तीन याद्या करायच्या आहेत, तीन वेगळ्या दिवशी.

पहिली यादी देण्याची. वैदिक परंपरेत माणूस ऋण घेऊनच जन्मतो असं मानतात : देवऋण, ऋषिऋण, पितृऋण, शतपथ ब्राह्मणात त्यात माणसांचं ऋणही धरलं आहे. आजच्या भाषेत लिहा : ज्या निसर्गावर जगतो त्याचं काय देणं आहे, ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं काय, वाढवलं त्यांचं काय, आणि ज्या अनोळखी लोकांच्या श्रमांवर रोजचं आयुष्य चालतं त्यांचं काय. नावानिशी लिहा. "समाजाचं ऋण" असं मोघम लिहिलेलं कधीच फिटत नाही.

दुसरी यादी स्वभावाची. कुणी बघत नसताना तुम्ही कोणतं काम नीट करता? कोणत्या कामात चूक दिसली की हात आपोआप दुरुस्तीला जातात? कशाने दमलात तरी आतून रिकामं वाटत नाही? कौतुक झालेली कामं मुद्दाम वेगळी ठेवा. कौतुकाची गोडी आणि कामाची गोडी यांची सरमिसळ फार लवकर होते.

तिसरी यादी परिस्थितीची : वय, तब्येत, पैशाची गरज, अवलंबून असलेली माणसं, हाताशी असलेला वेळ. इथे स्वप्नं लिहायची नाहीत.

तिन्ही याद्या शेजारी ठेवल्या की एक वाक्य लिहायचं. त्यात क्रियापद हवं, कुणासाठी ते हवं, वेळ हवा आणि मुदत हवी. "लोकांना प्रेरणा देणं हे माझं ध्येय" हे वाक्य बाद, कारण उद्या सकाळी उठून करायचं काय ते त्यात नाही. "पुढचे सहा महिने आजारी आईची देखभाल आणि आठवड्यातून सहा तास शिकवण्याचा सराव" हे चालेल. ते छोटं वाटतं. वाटू द्या. सहा महिन्यांनी याद्या पुन्हा करायच्याच आहेत.

स्वधर्म या शब्दाला जातीचा इतिहास चिकटलेला आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. १८.४१ मध्ये कर्मांची विभागणी स्वभावातून आलेल्या गुणांनुसार सांगितली आहे. प्रत्यक्ष समाजात मात्र ती जन्माला बांधली गेली, आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला. आज हा शब्द वापरताना 'स्वभाव' हाच धागा धरावा. तसंच कुणाची मारहाण किंवा अपमान सोसत राहणं म्हणजे स्वधर्म, असं कुणी सांगू लागलं तर ते ऐकू नका.

दुसऱ्याशी तुलना हा इथला नेहमीचा खड्डा. स्वतःचा धर्म उणा वाटला तरी तोच बरा, हे ३.३५ मध्ये येतं आणि जवळजवळ त्याच शब्दांत १८.४७ मध्येही. त्याच्या पुढचा श्लोक तर दर दोन वर्षांनी सगळं सोडून नवं काही धरू पाहणाऱ्यांसाठीच आहे जणू : धुराने जसा अग्नी, तशी सगळीच कामं कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेली असतात. धूर आहे म्हणून चूल बदलली तर नव्या चुलीतही धूर असतोच.

मग काम कधीच सोडू नये का? तसं नाही, सोडण्याचीही कसोटी दिलेली आहे. नेमून आलेलं काम मोहाने, न समजता टाकलं तर तो त्याग तामस (१८.७). त्रास होतो, कष्ट पडतात म्हणून टाकलं तर राजस, आणि अशा त्यागाचं फळ मिळत नाही (१८.८). म्हणून राजीनाम्यासारखा निर्णय घेण्याआधी वहीत कारण लिहा आणि त्यातली 'कंटाळा', 'भीती', 'अपमान' या जातीची वाक्यं खोडून बघा. काही उरतं का? उरलं तर जा. अर्जुनही करुणेची भाषा बोलत होता. आत काय चाललं आहे ते त्याला स्वतःला दिसत नव्हतं.

फळाचा प्रश्न

'कर्मण्येवाधिकारस्ते' (२.४७) सगळ्यांना पाठ असतं, पण अर्ध्यावर. श्लोकात चार गोष्टी आहेत : अधिकार कर्मावर आहे, फळावर कधीच नाही, फळासाठीच कर्म करणारा होऊ नकोस, आणि काम न करण्याचीही ओढ धरू नकोस. हा चौथा चरण विसरला की "अपेक्षाच नको" म्हणत माणूस तयारीही सोडतो. गीतेतला सात्त्विक कर्ता (१८.२६) आसक्ती आणि 'मी'पणा सोडलेला आहेच, पण तो धृती (धीर) आणि उत्साह यांनी भरलेलाही आहे. उत्साह नसेल तर तो कर्मयोग नव्हे, नुसता थकवा आहे.

नियोजन करताना निकालाचा विचार करायलाच हवा. काम हातात असताना मात्र मन निकालाकडे पळू द्यायचं नाही. सोपी रीत अशी : काम सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटं निकालाचा, धोक्यांचा, पर्यायांचा विचार कागदावर करा, कागद उलटा ठेवा आणि काम संपेपर्यंत सरळ करू नका.

निकाल लागल्यावर, चांगला असो वा वाईट, १८.१४ मधली पाच कारणं वापरा. अधिष्ठान म्हणजे कामाचा आधार असलेलं शरीर, कर्ता म्हणजे करणारा, करण म्हणजे साधनं, चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष केलेल्या हालचाली, आणि पाचवं दैव, जे कुणाच्याच हातात नव्हतं. समजा मुलाखत फसली. झोप झाली नव्हती (अधिष्ठान), विषय अर्धाच तयार होता (कर्ता), जुनीच कागदपत्रं नेली (करण), प्रश्न पूर्ण न ऐकताच उत्तर दिलं (चेष्टा), जागा आधीच कमी झाल्या होत्या (दैव). प्रत्येकी एक ओळ, पाचही ओळी भरल्याच पाहिजेत. यश मिळालं तरी भरा. तेव्हा दैवाची ओळ लिहिताना जी टाळाटाळ होते, तीच अहंकाराची जागा. अपयशात उलट घडतं : एक तर सगळं दैवावर जातं, नाही तर सगळं स्वतःच्या माथी. दोन्ही हिशेब खोटे आहेत.

मन कुठे घसरतं

२.६२-६३ मध्ये घसरणीची साखळी दिली आहे : विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग इच्छा, इच्छेतून क्रोध, मग संमोह, स्मृतीचा गोंधळ, बुद्धिनाश आणि शेवटी माणसाचाच नाश. लोक क्रोधाच्या कडीवर लढायला जातात आणि हरतात. त्या वेळी हातात फारसं काही उरलेलं नसतं. साखळी तोडायची ती पहिल्या कडीपाशी, म्हणजे तीच गोष्ट मनात दिवसातून वीसदा घोळायला लागते तेव्हा. दिवसाअखेर एवढंच लिहा : आज काय घोळत राहिलं, आणि ते कशामुळे सुरू झालं? आठवडाभरात दोन-तीनच विषय पुन्हा पुन्हा दिसतील.

त्यांच्यावर उपाय पतंजलींच्या योगसूत्रांत मिळतो. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद, वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा (१.३३). घोळणारा विषय बहुधा माणूसच असतो, म्हणून तो या चारांपैकी कुठे बसतो ते ठरवा आणि तेवढीच वृत्ती आठवडाभर धरा. मत्सर वाटतो तो माणूस पहिल्या गटातला आहे. त्याच्याविषयी करुणा बाळगायला जाऊ नका. त्यात छुपा अहंकार असतो. उपेक्षेचा अर्थही इथे तुच्छता असा नाही, तर मन त्यात न गुंतवणं असा आहे. अन्याय थांबवण्याचं काम त्यामुळे सुटत नाही.

बसणं

दहा मिनिटं, पाठ सरळ, रोज त्याच वेळी. श्वासावर किंवा नामावर लक्ष ठेवा. मन जाईल तिथून परत आणा (६.२६). परत आणणं हाच अभ्यास आहे. विचार थांबले नाहीत म्हणून बैठक फुकट गेली असं मोजू नका. योगसूत्रं म्हणतात की दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केलेला अभ्यासच दृढ होतो (१.१४). म्हणून रविवारी एक तास बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं बरी.

देव मानणाऱ्याला बाराव्या अध्यायात उतरती शिडी मिळते (१२.८ ते ११) : मन माझ्या ठायी स्थिर कर, जमत नसेल तर अभ्यासाने प्रयत्न कर, तेही नाही तर माझ्यासाठी कर्म कर, तेही नाही तर कर्मफळांचा त्याग कर. खालच्या पायरीवर उभं राहण्यात कमीपणा नाही; ती दिली आहे ती याचसाठी. देव न मानणाऱ्यानेही दाराबाहेर थांबायचं कारण नाही. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही याच परंपरेतली दर्शनं; सांख्यांची अभिजात मांडणी आणि पूर्वमीमांसा जगन्निर्मात्या ईश्वराशिवायच उभ्या आहेत.

काय बिघडतं

नवशिका एकाच वेळी अद्वैतावरचं (जीव आणि ब्रह्म एकच, या मतावरचं) प्रवचन, योगसूत्रांचा वर्ग आणि भक्तिपर व्याख्यानं ऐकतो आणि महिन्याभरात गोंधळतो. शंकराचार्य, रामानुजाचार्य आणि मध्वाचार्य यांची जीव-ईश्वर संबंधावरची मतं खरोखरच वेगळी आहेत. "सगळं शेवटी एकच" म्हणून ती मिटत नाहीत. पहिलं वर्षभर एकच भाष्यपरंपरा धरा.

"जग माया आहे, मग कशाला धडपड?" हेही अर्धवट ऐकण्यातून येतं. अद्वैतात जग मिथ्या म्हटलं आहे, सशाच्या शिंगासारखं असत् (मुळात नसलेलंच) म्हटलेलं नाही. व्यवहाराच्या पातळीवर जग आणि तिथली कर्तव्यं लागू राहतात.

सगळ्यात गंभीर गल्लत वैराग्याची. वैराग्यात माणूस हलका होतो, झोप लागते, कामं होतात, माणसं नकोशी होत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, जगणं नकोसं वाटतं, अशी स्थिती असेल तर ते वैराग्य नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. औषध घेतल्याने साधना बाटत नाही.

सहा आठवड्यांनंतर

सुखाच्या नोंदीची वही दहा दिवस पुन्हा भरा आणि पहिल्या दहा दिवसांशी ताडून पाहा. राजस नोंदी संपलेल्या नसतील. त्या संपायच्याही नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात फरक पडला आहे का, तेवढंच बघा.

त्यानंतर कठोपनिषद घ्या. दोन अध्याय, प्रत्येकी तीन वल्ली (प्रकरणं). आठवड्याला एक वल्ली पुरे. मग तैत्तिरीय उपनिषदातली आनंदाची मोजणी वाचा. तिथे माणसाच्या आनंदाचं एक माप ठरवलं आहे : तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट, आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी ज्याची. पुढच्या प्रत्येक पायरीला तो आनंद शंभर पटींनी वाढवत नेला आहे, थेट ब्रह्मानंदापर्यंत. आणि त्या प्रत्येक पायरीला तेच दोन शब्द पुन्हा येतात : 'श्रोत्रियस्य चाकामहतस्य', तोच आनंद जाणत्या आणि कामनेचा घाव न बसलेल्या माणसालाही. वाचताना 'अकामहत' या शब्दाखाली रेघ मारा, आणि आपल्या वहीतली कोणती नोंद त्याच्या जवळ जाते ते समासात लिहा.